मॉडेल यानाचं कवच चिकटवून बंद केल्यावर दिवे विझतात: दोष कुठे शोधायचा

टेबलावर सगळे दिवे लागतात. मग कवचाचे दोन्ही भाग चिकटतात, फटी बुजतात, रंग होतो, डेकल (चिकटवायची अक्षरं-चिन्हं) बसतात, यान स्टँडवर चढतं, आणि थोड्याच दिवसांत पुढच्या गोल तबकडीची उजवी बाजू अंधारात जाते. बोटाने टिचकी मारली की क्षणभर उजळते, पुन्हा गप्प. पावसाळा लागला की उरलेल्यांतला आणखी एखादा गट मान टाकतो. ठाण्या-नवी मुंबईत अंतराळयानांची प्लास्टिकची किट जोडून त्यांत एलईडी घालणाऱ्यांकडून मी सर्वांत जास्त वेळा ऐकते ती हीच तक्रार. नेरूळला माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मॉडेलांतही हाच दोष पुढे असतो.

आधी निकाल सांगते, मग कारणं. बंद यानात एलईडी फार क्वचित मरतो. मरतो तो डाग, म्हणजे कथील वितळवून केलेला तारेचा जोड (सोल्डरिंग), नाहीतर डागाशेजारची तार. पांढरा एलईडी ५ मिलीअँपिअरवर चालवला तर तो वर्षानुवर्षं टिकतो. त्याच्या पायाशी तुम्ही दिलेला कच्चा डाग मात्र टिकत नाही. म्हणून नवे एलईडी मागवू नका आणि कवच तर मुळीच फोडू नका. आधी बाहेरून मोजा.

उदाहरणासाठी 'स्टार ट्रेक' मालिकेतलं एंटरप्राइझ हे यान घेऊ, कारण माझ्याकडे तेच जास्त येतं. मालिकेतल्या मूळ यानाची लांबी २८९ मीटर मानली जाते. म्हणजे १:३५० च्या किटमध्ये ते सुमारे ८२ सेंटिमीटरचं होतं आणि १:१००० मध्ये जेमतेम २९ चं. मोठ्यात हात घालायला जागा असते. लहानात तबकडी आणि धड यांना जोडणारी मान इतकी अरुंद, की चार तारा नेतानाच दमछाक होते. एएमटीने १९६६ साली या यानाचं पहिलं किट काढलं, त्यातही दिव्यांची सोय होती, पण ते तंतूचे मोजकेच बल्ब होते. आता आपण एका तबकडीत सहज तीस एलईडी बसवतो. प्रत्येकाला दोन पाय, म्हणजे नुसत्या तबकडीत साठ डाग. त्यांतला एक कच्चा राहायला कितीसा वेळ लागतो?

आधी यानाबाहेर बघा

बऱ्याच घरांत जुन्या वायफाय राउटरचा किंवा सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अडॅप्टर पडलेला असतो. तो वापरायला हरकत नाही, पण मल्टिमीटर (व्होल्ट आणि रोध मोजायचं यंत्र) लावल्याशिवाय नको. हलका, नव्या पद्धतीचा अडॅप्टर १२ च्या आसपासच देतो. जुना, जड, ट्रान्सफॉर्मरवाला असेल तर भार नसताना तो १५-१६ व्होल्टही दाखवतो. एलईडीचा प्रवाह आवरणारा रेझिस्टर तुम्ही १२ धरून काढलेला असतो, त्यामुळे एलईडीतून हिशेबापेक्षा बराच जास्त प्रवाह जातो. उलटही होतं. अडॅप्टर थकलेला असला की भार पडताच व्होल्टेज कोसळतं आणि सगळं यान मिणमिणतं. म्हणून दिवे लागलेले असताना मोजा, नुसत्या पिनवर नव्हे.

पॉवर बँक लावणाऱ्यांचा प्रश्न वेगळाच. दिवे लागतात, अर्ध्या-एक मिनिटात सगळे एकदम विझतात, बटण दाबलं की पुन्हा लागतात. यानात काहीही बिघडलेलं नसतं. बऱ्याच पॉवर बँका ओढला जाणारा प्रवाह फार कमी दिसला की फोन भरला असं समजून स्वतःला बंद करतात. तुमच्या यानाची भूक चाळीस-पन्नास मिलीअँपिअरची, ती त्यांच्या खिजगणतीत नसते. साधा फोनचा चार्जर लावा, प्रश्न मिटला.

नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर तीन पांढरे एलईडी एकामागे एक जोडलेले मी वारंवार बघते. पांढऱ्या एलईडीला साधारण ३.१ व्होल्ट लागतात. तिघांचे झाले ९.३. कोरी बॅटरी नऊच्या थोडी वर असते म्हणून पहिल्या दिवशी मंद उजेड दिसतो, दुसऱ्या दिवशी तोही जातो. त्या बॅटरीवर दोनच जोडा.

रेझिस्टर पायथ्यात ठेवा, म्हणजे यान स्वतःच बोलेल

ही एकच गोष्ट पाळली तरी निम्मा त्रास वाचेल, म्हणून सविस्तर सांगते. बहुतेक जण रेझिस्टर एलईडीच्या पायालाच डाग देऊन कवचात कायमचा पुरतात आणि सगळ्या गटांच्या मिळून दोनच तारा खाली आणतात. मग एक गट गेला की बाहेरून काहीच कळत नाही. त्याऐवजी प्रत्येक गटाची एक तार स्वतंत्र खाली आणा, दुसरी बाजू सामाईक ठेवा, आणि प्रत्येक गटाचा रेझिस्टर स्टँडच्या पायथ्यात बसवा. तारा वाढतात हे खरं, पण ०.२ मिलिमीटरच्या दहा तारा स्टँडच्या ४ मिलिमीटरच्या पितळी नळीतून आरामात जातात.

आता हिशेब बघा. १२ व्होल्टवर तीन पांढरे एलईडी एकामागे एक. बारातून ९.३ गेले, उरले २.७. पाच मिलीअँपिअरसाठी ५४० ओहम निघतात, बाजारात ५६० चा मिळतो. गट ठणठणीत असेल तर त्या रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये २.७ व्होल्टच्या आसपास दिसतील. शून्य दिसलं तर आत कुठेतरी वाट तुटलेली आहे. ५.८ च्या आसपास दिसलं तर तिघांतल्या एकाचे दोन पाय एकमेकांना टेकलेत. सरळ बारा दिसले तर गटाच्या दोन्ही तारा मध्येच भिडल्यात, आणि रेझिस्टरला बोट लावून बघा, तो तापलेला असेल. पाव वॅटच्या रेझिस्टरची ती अगदी शेवटची मर्यादा आहे, तेव्हा लगेच बंद करा. एवढी माहिती यानाला हात न लावता मिळते. यान हातात घेऊन हलवत बसण्यापेक्षा ही रीत कितीतरी बरी.

फोनच्या चार्जरवर, म्हणजे ५ व्होल्टवर, दोन पांढरे एकामागे एक चालत नाहीत. तिथे प्रत्येक एलईडीला स्वतःचा ३९० ओहमचा रेझिस्टर लागतो. लाल एलईडी सुमारे १.९ व्होल्टवरच चालू होतो, त्याला ६८० चा द्या. लाल आणि पांढरा शेजारी शेजारी ठेवून दोघांत मिळून एकच रेझिस्टर कधीही लावू नका. लाल कमी व्होल्टवर उघडतो, सगळा प्रवाह तोच पितो आणि पांढरा लागतच नाही. तबकडीच्या डाव्या टोकाला लाल आणि उजव्या टोकाला हिरवा असे दिशादर्शक दिवे असतात. ते मागाहून बसवताना बरेच जण शेजारच्या पांढऱ्याच्याच तारांना टेकवतात. लाल लावल्यावर आतला उजेड गेला, असं कोणी सांगितलं की मी आधी हेच विचारते.

तार कुठून आणलीत?

आता मूळ दुखण्याकडे येते. बारीक तारेसाठी आपल्याकडे सोपी जागा म्हणजे मोटार वाइंडिंगचं दुकान. वागळे इस्टेटमध्ये, रबाळे-महापे पट्ट्यात अशी दुकानं आहेत. तिथे इनॅमलची तांब्याची तार वजनावर मिळते, स्वस्त असते, पातळ असते, सोनेरी-तपकिरी रंगाची देखणी असते. लोक ती आणतात, टोक सोल्डरिंग आयर्नखाली धरतात, कथील चकचकीत गोळा होऊन बसतं, दिवा लागतो. काम फत्ते झालं असं वाटतं.

वागळे इस्टेटमधल्या अशाच एका दुकानात मी विचारलं होतं, "दादा, ही डागाला धरते का?" तार तोलता तोलता ते म्हणाले, "ताई, ही मोटारची तार. मोटार जळेपर्यंत हिचं वार्निश सुटत नाही. तुमच्या कथलाने काय सुटणार? खरवडून घ्या, चारी बाजूंनी."

गोम नेमकी इथे आहे. मोटारीच्या तारेवरचं आवरण उष्णता सोसण्यासाठीच बनवलेलं असतं. सोल्डरिंगच्या उष्णतेला ते दाद देत नाही. तुमचं कथील तारेभोवती टोपीसारखं बसतं, आत तांब्याला चिकटलेलं नसतं. तरी दिवा लागतो, कारण तार जिथे कापली त्या टोकावर टाचणीच्या अग्राएवढं उघडं तांबं असतं आणि तेवढाच काय तो संपर्क. कवच बंद करताना तार किंचित ओढली जाते, नंतर उन्हा-पावसाने प्लास्टिक थोडं हलतं आणि तो संपर्क सुटतो. टिचकी मारल्यावर क्षणभर लागणारे दिवे बहुतेक वेळा इथलेच असतात.

दुसऱ्या प्रकारची इनॅमल तार मिळते, तिच्यावरचं पॉलियुरेथेनचं आवरण साधारण ३८० अंशांच्या टोकाखाली वितळून जातं. लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात 'डागाची इनॅमल तार' किंवा 'सोल्डरेबल' असं स्पष्ट सांगून घ्या. डाग देताना तिचा धूर नाकात जाऊ देऊ नका, खिडकी उघडी ठेवा. मोटारचीच तार हाताशी असेल तर खरवडण्याला पर्याय नाही. तारेचं टोक गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर आडवं ठेवायचं, कटरचं पातं जवळजवळ झोपवून आपल्याकडे ओढायचं, तार बोटांत पाव फेरा फिरवायची, पुन्हा ओढायचं. चार-पाच फेऱ्यांत गडद सोनेरी रंग जाऊन खाली गुलाबीसर तांबं दिसतं. ६०० नंबरचा पॉलिशपेपर दुमडून त्यातून टोक दोनदा ओढलं की उरलेले पट्टेही जातात. लायटरने जाळायची सवय असेल तर ती सोडा. जळकं आवरण आणि काळवंडलेलं तांबं, दोन्हींवर कथील बसत नाही.

मग मोजा. ०.२ मिलिमीटरच्या मीटरभर तांब्याच्या तारेचा रोध अर्ध्या ओहमच्या आसपास असतो. मल्टिमीटरने टोकाला टोक जोडल्यावर एक-दोन ओहमच्या आत आकडा यायला हवा, आणि मुख्य म्हणजे तार हलक्या हाताने ओढत, वळवत असताना बीप अखंड वाजायला हवा. बीप तुटला तर तो डाग कापून टाका, पुन्हा द्या. वरून आणखी कथील चढवून कच्चा डाग पक्का होत नाही.

एलईडी तपासायला मल्टिमीटरच्या डायोड खुणेवर भिस्त ठेवू नका. पुष्कळ मीटर पांढरा एलईडी पेटवण्याइतके व्होल्ट देतच नाहीत, आणि लोक चांगला एलईडी मेला म्हणून टाकून देतात. सीआर २०३२ ही तीन व्होल्टची बटण बॅटरी घ्या, एलईडीचे दोन पाय तिच्या दोन बाजूंना टेकवा. मंद का होईना, लागला तर एलईडी शाबूत आहे.

पावसाळा, खाडी आणि डबीतली पेस्ट

जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत ओल किती असते हे कपाटातल्या चामड्याच्या चपलांना विचारा. ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर मुक्काम ठोकून असते, आणि वाशी-ऐरोलीच्या खाडीकडच्या घरांत वर खारा वारा. एवढ्याने चांगला डाग बिघडत नाही. डागावर पेस्ट राहिली असेल तर मात्र बिघडतो. हार्डवेअरच्या दुकानातली छोट्या डबीतली सोल्डरिंग पेस्ट बऱ्याचदा पत्र्याच्या कामाची, आम्लयुक्त असते. बादलीच्या बुडाला डाग देताना ती चालते, केसाएवढ्या तारेला चालत नाही. ती धुतली नाही तर हवेतली ओल ओढून घेते आणि तांबं हळूहळू खाते. उघडलेल्या यानात डागाभोवती हिरवी पूड दिसली की कारण हेच. ज्या कथलाच्या तारेतच रोझिन (राळ) भरलेलं असतं ती वापरा, वेगळी पेस्ट घेऊच नका. डाग झाला की आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या ब्रशने धुवा. हे अल्कोहोल किटच्या पॉलिस्टायरीनला इजा करत नाही. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर मात्र ते विरघळवतात.

याच पठडीतली दुसरी चूक सिलिकॉनची. तार जागेवर बसवण्यासाठी बाथरूमच्या फटी भरायचं सिलिकॉन लावलेलं एक यान घोडबंदर रोडवरून आलं होतं. आतल्या तारा सिलिकॉनखालीच तुटल्या होत्या. ज्या सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरचा वास येतो, ते ॲसेटिक आम्ल सोडतं आणि तांब्याला ते बाधतं. फेविक्विकही तारेजवळ नको. ते तारेच्या बाजूने पुढे ओढलं जातं, काचेसारखं कडक होतं, आणि तार बरोबर त्याच्या काठावर मोडते. ग्लू गनचा छोटा थेंब द्या, डागापासून बोटभर अंतरावर, म्हणजे ओढ बसली तरी ती डागापर्यंत पोचत नाही. फेविक्विकच्या वाफेने पारदर्शक खिडक्यांवर पांढुरकं धुकं धरतं आणि प्लास्टिकचे प्रकाशतंतू ठिसूळ होतात, ही दोन कारणं आणखी. खिडक्यांना पांढरा फेविकॉलच चांगला. सुकला की पारदर्शक होतो आणि वेळ आली तर पाण्याने सुटतो.

मान, नळी आणि चांदीची टेप

डाग पक्के, तार बरोबर, तरीही गट गेला, तर दोन जागा बघा. पहिली पितळी नळीची कड. करवतीने कापलेल्या नळीच्या आतल्या काठावर धारदार कंगोरा राहतो. तारा खाली ओढताना तो त्यांचं आवरण खरवडतो, आणि स्टँडवर यान फिरवलं की दोन तारा नळीतून एकमेकींना भेटतात. बारीक गोल कानशीने दोन्ही तोंडं आतून घासा, प्रत्येक तोंडात श्रिंक स्लीव्हचा (तापवल्यावर आकसणाऱ्या प्लास्टिकच्या नळीचा) तुकडा घाला. दुसरी जागा मानेची आणि इंजिनांच्या खांबांची. कवचाचे दोन भाग चिकटवताना आतल्या खुंट्यांवर तार आली तर ती चिमटली जाते. बंद करण्याआधी तारा टेपने भिंतीला बसवून घ्या. दोन्ही भाग गोंदाशिवाय रबरबँडने आवळा आणि दिवे लावून बघा. चिमटलेली तार तेव्हाच उघडी पडते.

चांदीची टेप वेगळं प्रकरण आहे. पांढरं किंवा राखाडी पॉलिस्टायरीन पातळ असतं, आत दिवा लावला की सगळं यान आकाशकंदिलासारखं उजळतं आणि खिडक्या कुठे ते कळतच नाही. ते थांबवायला लोक आतून ॲल्युमिनियमची टेप लावतात. प्रकाश तिने उत्तम अडतो, पण ती वीजवाहक आहे. एलईडीचा कापलेला पाय तिला टेकला, दुसऱ्या गटाचाही टेकला, की दोन्ही गट टेपमधून जोडले गेले. टेप लावायचीच तर तिच्यावर रंगाचा जाड हात द्या आणि प्रत्येक डागावर श्रिंक स्लीव्ह घाला.

माझा कौल रंगाला. आतून काळ्या रंगाचे दोन हात, त्यावर पांढरा. काळ्याने प्रकाश अडतो, पांढऱ्याने तो आतल्या आत पसरतो. चिकटायच्या कडा मात्र मास्किंग टेपने झाका, कारण पॉलिस्टायरीनचा गोंद प्लास्टिकला वितळवून जोडतो, रंगाला नाही. रंगावर चिकटवलेली कड नंतर उघडते आणि तबकडीच्या कडेने प्रकाशाची रेघ दिसते. ती रेघ बाहेरून लांबी (पुट्टी) भरून बुजवायला जाऊ नका, पातळ लांबीतून प्रकाश येतच राहतो. आतून काळ्या प्लास्टिकची पट्टी लावा, अर्धी एका भागाला चिकटलेली, अर्धी दुसऱ्याखाली सरकणारी. रात्री खोलीतले सगळे दिवे घालवून तपासा, ट्यूबखाली काही दिसत नाही. जोराच्या पावसात स्प्रेचा रंग मारू नका. ओल धरून तो पांढुरका पडतो.

पांढरा उजेड निळसर वाटतो अशीही तक्रार येते. तो दोष जोडणीचा नाही. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, वर पिवळं फॉस्फर दिलेलं असतं. निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याच निळ्याचा अंश इथे दिसतो. वॉर्म व्हाइट घ्या, किंवा एलईडीच्या तोंडावर पारदर्शक केशरी रंगाचा पातळ हात द्या.

गणपतीच्या मखरातून उरलेली १२ व्होल्टची एलईडी पट्टी वापरणारेही बरेच. ती तीन-तीनच्या गटांनी बनलेली असते, आणि कात्रीच्या खुणेवरच कापायची असते. खूण सोडून कापली की तो अख्खा गट जातो. मीटरला ६० एलईडीच्या साध्या पट्टीचे ४.८ वॅट, मोठ्या एलईडीच्या पट्टीचे १४.४. बंद तबकडीत मोठी पट्टी नको. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि पातळ तबकडी त्याच्या आधीच वाकायला लागते. साधी पट्टी बाराऐवजी नऊ-दहा व्होल्टवर चालवा. उजेड पुरतो, उष्णता घटते.

यान आधीच बंद झालंय, दार नाही

हा सगळ्यात कठीण प्रकार. खारघरचा एक मुलगा असंच एक १:१००० चं यान घेऊन आला, "काकू, आई म्हणते आता राहू दे, पण मला अर्धवट नको." मलाही अर्धवट नको वाटतं.

आधी अंधारात कुठल्या खिडक्या विझल्यात ते कागदावर काढा. सलग तीन गेल्या असतील तर एकामागे एक जोडलेला गट गेलाय, एकच गेली असेल तर त्या एकट्याचा डाग. मग सुटू शकणारे भाग बघा. तबकडीवरचा घुमट, धडाच्या पुढची थाळी, मागचं हँगरचं दार, इंजिनांच्या टोप्या. फेविकॉलने बसवले असतील तर कडेला ओला कापूस ठेवून थांबा, सुटतील. फेविक्विकने बसवले असतील तर थंडीचा उपयोग होतो, कारण गारठल्यावर ते आणखी ठिसूळ होतं. यान सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद पिशवीत घालून काही तास फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर काढून पिशवी न उघडता बाहेरूनच तो भाग हलके पिळा. पिशवी लगेच उघडली तर आपल्या दमट हवेतलं पाणी थेट डागांवर जमेल, म्हणून यान खोलीच्या तापमानाला येईपर्यंत ती बंदच ठेवा.

पॉलिस्टायरीनच्या गोंदाने जोडलेलं असेल तर तो सांधा उरलेलाच नसतो, प्लास्टिक एकजीव झालेलं असतं. तिथे कापावंच लागतं. तबकडीच्या खालच्या बाजूला, पॅनेलच्या रेषेवरून, नाण्याएवढी खिडकी कापा. वर डेकल असतात, तिथे हात नको. पात्याच्या पाठीने त्याच रेषेवर पुन्हा पुन्हा ओढत जा. कड कमी तुटते आणि पातं घसरून आतल्या तारेत जात नाही. खिडकी उघडली की जुना तुटका डाग शोधत बसू नका, आतल्या तारांच्या गुंत्यात दुसरा तुटतो. मेलेल्या गटाची तार पायथ्याशी कापून सोडून द्या आणि नवा गट, बाहेर टेबलावर डाग देऊन, धुऊन, तपासून, त्या खिडकीतून आत सरकवा. सोल्डरिंग आयर्न कवचाच्या आत नेऊ नका. नळीत जागा नसेल तर पितळी नळीच सामाईक बाजू म्हणून वापरा, एक तार वाचते.

कापलेला तुकडा गोंदाने परत चिकटवायचा नाही. आतून कडेला प्लास्टिकच्या दोन पट्ट्या लावून त्यावर तो फेविकॉलच्या थेंबांनी टेकवा, किंवा ३ मिलिमीटरची दोन छोटी चुंबकं बसवा. हे करण्याआधी दिवे एक अख्खी रात्र चालू ठेवा. सकाळी प्रत्येक रेझिस्टरवरचे व्होल्ट मोजून गटाच्या नावासकट स्टँडच्या बुडाशी पेन्सिलने लिहा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात कोणता गट ढिला पडतोय ते तो विझण्याआधीच आकड्यावरून कळेल.